थंडीत गाडीची घरगुती दुरुस्ती : गावात राहून स्वतः काय करावं आणि कशाला हात लावू नये?

झाडीपट्टीकर

मंडळी, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला राहतो. विदर्भातली कडक थंडी आमच्याच भागात पडते, नागपूरकरांनी मानो न मानो.

माझं मत आधी सांगतो. ज्याच्या अंगणात गाडी आहे त्याला बॅटरी, टायर, बल्ब, फ्यूज आणि पाणी-कूलंट एवढं स्वतः पाहता आलंच पाहिजे. तालुक्याचं गॅरेज अकराच्या आधी उघडत नाही. पहाटे बाळंतिणीला गोंदियाला न्यायचं असेल तर मेकॅनिकची वाट पाहत बसता येत नाही. गावात रात्री-बेरात्री कोणावरही वेळ आली की गाडीवाल्याचंच दार वाजते, आणि ते वाजायलाच पाहिजे.

सध्या माझी पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ मारला की नुसती कट-कट-कट करते. दुपारी एका सेल्फमध्ये चालू. बॅटरीला हा पाचवा हिवाळा. मल्टीमीटर आहे, १० आणि १२ नंबरचे पाने आहेत, करायची तयारी आहे. तर सांगा, थंडीच्या दिवसांत घरी काय काय करता येते, कसं करायचं, आणि कुठं थांबायचं?

तर्रीपोहा

नागपूरकर हजर. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं. थंडीचा मान आम्हालाच द्या भाऊ.

वणीचा_मेकॅनिक

झाडीपट्टीकर भाऊ, तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर. माझं स्वतःचं गॅरेज आहे, तरी मी गिऱ्हाईकाले हेच सांगतो. लोक स्वतः पाहतीन तर माझं काम कमी नाई होत, उलट गाडी वेळेवर माझ्याकडं येते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. बॅटरी हिवाळ्यात मरत नाई, ते उन्हाळ्यातच मरते. मे महिन्यात आमच्या वणी-चंद्रपूरकडं ४५-४६ अंश, अन् बोनेटखाली त्याच्याहून कितीतरी जास्त. पाणी उडते, आतल्या जाळ्या झिजतात. उन्हाळ्यात इंजिन लवकर फिरते म्हणून समजत नाई. डिसेंबरात ऑईल घट्ट होते, बॅटरीची ताकद उतरते, मंग एका सकाळी पितळ उघडं पडते. लोक थंडीले शिव्या देतात.

तुम्ही असं करा. गाडी रातभर उभी राहू द्या. सकाळी बोनेट उघडून, सेल्फ न मारता, मीटर लावा. १२.६ व्होल्ट असन तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे रिकामीच समजा. मंग कोणाले तरी सेल्फ मारायले लावा अन् आकडा पाहत राहा. साडेनऊच्या खाली गेला तर गडबड. चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधात पाहिजे. तेवढा आला म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, चांगला. आकडे इथं टाका.

संत्राबाग_वरुड

मला हे पटत नाही. आजकालच्या गाड्यांत जिकडंतिकडं सेन्सर. घरी हात घातला की वॉरंटी गेली. दर दहा हजार किलोमीटरला शोरूमला द्या आणि निवांत झोपा.

मेळघाटची_मास्तरीण

वरुडकर दादा, तुमच्या गावातून शोरूम जवळ असेल. मी परतवाड्याहून सेमाडोहच्या पुढे शाळेवर जाते. घाटात मोबाईलला रेंज नाही. तिथं बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालं तर ते दहा नंबरच्या पान्यानं आवळायला दोन मिनिटं लागतात, आणि येत नसेल तर दिवस मावळतो. टर्मिनल आवळल्यानं, टायरची हवा पाहिल्यानं, बल्ब बदलल्यानं वॉरंटी जात नाही. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकातच ही कामं चित्रांसकट दिलेली असतात. बहुतेकांनी ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलंसुद्धा नसतं.

चिखलदऱ्याकडे हिवाळ्यात पहाटे काचेवर दवाचा जाड थर असतो, एखाद्या साली गोठतोही. त्यावर काय करावं तेही कोणी सांगा.

विनिपेगकर

मूळ गाव आर्वी, सध्या मुक्काम कॅनडात विनिपेगला. इथं जानेवारीत उणे ३० ही बातमी नसते, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो :)

ताई, काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका. थंडगार काच गरम पाण्यानं तडकते. इथं आम्ही प्लास्टिकच्या खरवडणीनं बर्फ काढतो आणि रात्री वायपर उभे करून ठेवतो, म्हणजे रबर काचेला चिकटत नाही. तुमच्याकडे ओलं फडकं आणि मग कोरडं फडकं पुरे. आतून काच धुरकट झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवा. एसी हवेतली ओल ओढतो. थंडीत एसी लावायला लोक बिचकतात, पण त्यानंच काच लवकर साफ होते.

बॅटरीबद्दल वणीकर भाऊंनी सांगितलं ते अगदी खरं. शून्य अंशाला बॅटरीची साधारण तिसरा हिस्सा ताकद जाते, उणे १८ ला निम्म्याहून जास्त. म्हणून इथल्या गाड्यांच्या तोंडातून विजेची पिन लोंबत असते. इंजिनाला हीटर बसवलेला असतो, रात्री घराच्या प्लगला जोडायचा. ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा प्लग असतात. भरलेली बॅटरी उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, पण उतरलेली उणे ७-८ लाच गोठते आणि फुगते. गोठलेल्या बॅटरीला केबल लावून जंप द्यायचा नाही, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर ती गाडी चालू करायची नाही, ती फुटू शकते.

घरची दुरुस्ती इथंही चालते, कारण मजुरी परवडत नाही. अंगणातला बर्फ फावड्यानं काढायचा, खाली पुठ्ठा नाहीतर फोमची चादर टाकायची आणि मगच आडवं व्हायचं. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटते, म्हणून आत पातळ आणि वर जाड असे दोन हातमोजे. नट बर्फात पडला की वसंत ऋतूतच सापडतो, त्यामुळे खिशात चुंबक.

पऱ्हाटी

आमच्याकडं काकाजी ट्रॅक्टर सकाळी चालू नाई झाला की इंजिनाच्या ऑईल चेंबरखाली कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवतात. दहा मिनिटांत चालू. ह्याच्याहून सोपा उपाय नाई.

निवृत्त_फौजी

पऱ्हाटी भाऊ, हात जोडून सांगतो, काकाजींना थांबवा. मी ई.एम.ई. मध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो, लेह-द्रासकडे हिवाळे काढले, आता पुसदजवळ शेती करतो. पहाडात ट्रकच्या टाकीखाली जाळ करणारे ड्रायव्हर पाहिले आहेत. चेंबरला बाहेरून चिकटलेलं तेल, जुनी डिझेल नळी, खाली पडलेला थेंब, एवढं पेटायला पुरतं.

आणि मुळात गरज नाही. डिझेल गोठतं म्हणजे त्यातलं मेण थंडीनं धरतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखमध्ये तो प्रश्न खरा आहे. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑईलनं तिकडे उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. आपल्याकडच्या ७-८ अंशात डिझेल गोठत नाही. ट्रॅक्टर सकाळी अडतो तो बॅटरीमुळे, नाहीतर इंजिन आतून तापवणारा हीटर प्लग गेल्यामुळे, नाहीतर नळीत हवा शिरल्यामुळे. डिझेल कारला चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखा दिवा लागतो, तो विझू द्या, मग सेल्फ मारा. एवढं पाळलं तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

लेहला आम्ही रात्री बॅटऱ्या काढून बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) खोलीत न्यायचो. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. असं का, तर निगेटिव्ह सुटलेलं असलं की पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तरी ठिणगी होत नाही. हा क्रम हाताला लागला पाहिजे.

आणखी एक. बर्फात रात्री हँडब्रेक ओढून ठेवत नाहीत, ओल गोठून ब्रेक धरून बसतो. गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड. आपल्याकडे बर्फ नाही, पण गाडी धुऊन हँडब्रेक लावून आठवडाभर ठेवली तर मागचे ड्रम गंजून तसेच चिकटतात.

पऱ्हाटी

फौजी काका, काकाजीले वाचून दाखवलं. हीटर प्लग तपासतो म्हणले. जाळ बंद.

झाडीपट्टीकर

वणीकर भाऊ, आकडे. सकाळी सेल्फच्या आधी १२.१. सेल्फ मारताना ८.४. चालू झाल्यावर १४.२.

बोनेट उघडल्यावर वेगळंच दिसलं. पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशी चढली होती, बोटानं दाबली की भुसभुशीत. आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत धानाचे दाणे, तणसाचे तुकडे आणि फिल्टरच्या कागदाला कुरतडून पाडलेलं भोक. मळणी झाल्यापासून उंदरांनी तिथं कोठार केलं होतं.

तर्रीपोहा

धानाचा बोनस उंदरांना मिळाला म्हणायचा.

वणीचा_मेकॅनिक

१४.२ म्हणजे चार्जिंग झकास आहे. बॅटरीवर संशय आहे पन अजून फाशी नोका देऊ. आधी टर्मिनल साफ करा. एका ग्लास कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश. फेस येईन, येऊ द्या. बॅटरीची बुचं घट्ट लावलेली पाहिजेत, सोड्याचं पाणी आत गेलं तर बॅटरी बिघडते. साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, आवळा अन् वरून व्हॅसलीन लावा. ग्रीस नाई, व्हॅसलीन. डोळ्यावर चष्मा पाहिजे, जवळपास बिडी-सिगारेट नाई पाहिजे. चार्ज होताना हायड्रोजन निघते, तो ठिणगीनं फुटते.

पाणी कमी असन तर फक्त डिस्टिल वॉटर. नळाचं नाई, आरओचं नाई, अन् अ‍ॅसिड तर बिलकूल नाई.

मंग बॅटरी चार्जरवर लावा. ३५ अँपिअर-तासाची असन तर साडेतीन अँपिअरच्या आसपास, हळूहळू.

अकोट_फाटा

चार्ज करण्याआधी एक सुचवतो. गाडीत बाहेरून बसवलेली टेप, ट्रॅकर, हॉर्न असं काही आहे का? कधी कधी रात्रभर तेच करंट पितात. पूर्ण चार्ज केल्यावर रात्री निगेटिव्ह काढून ठेवा. सकाळी आकडा टिकला तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये. निगेटिव्ह काढूनही उतरला तर दोष बॅटरीत. एक पैसा खर्च न होता निकाल लागतो.

मेळघाटची_मास्तरीण

उंदरांचं काय करायचं? आमच्या शाळेसमोर उभ्या गाडीच्या वायरी खाल्ल्या आहेत. डांबरगोळ्या ठेवल्या तर केबिनमध्ये वास येऊन डोकं दुखतं.

वणीचा_मेकॅनिक

ताई, उंदीर उबेसाठी येते अन् आडोशासाठी थांबते. रात्री बोनेट उघडं ठेवा, जमलं तर वर छोटा बल्ब. ऊब अन् अंधार दोन्ही गेले की बस्तान बसत नाई. एअर फिल्टरच्या तोंडाले बारीक जाळी लावता येते, पन हवा अडली नाई पाहिजे. काही लोक तंबाखूची पानं बांधतात, थोडे दिवस उपयोग होते. गाडी धान्याच्या पोत्याजवळ उभी करणं बंद करा, हे सगळ्यात मोठं.

अन् वायर खाल्लेली दिसली तर आधी पेट्रोलची नळी पाहा. वास येत असन तर सेल्फ मारायचाच नाई. टेप गुंडाळून पेट्रोलची नळी दुरुस्त होत नाई. तिथं घरचं काम थांबलं, मेकॅनिकले बोलवा.

विनिपेगकर

उंदराच्या मागे मांजर येतं, तेही बोनेटमध्येच झोपतं. इथं बरेच जण सकाळी बोनेटवर दोन थापा मारून मग चावी फिरवतात.

संत्राबाग_वरुड

बरं, मानलं की बॅटरी आणि टायर घरी पाहता येतात. पण टायर बदलणं? आमच्याकडे बागेत जॅक लावला की गाडीऐवजी जॅकच खाली जातो.

वणीचा_मेकॅनिक

हा प्रश्न चांगला काढला. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहितो, कारण ह्यात माणसं मरतात.

काळ्या मातीत जॅक कधीच सरळ नाई लावायचा. खाली जाड लाकडी फळी पाहिजे, दीड-दोन इंचाची. फरशीचा तुकडा नाई, तो वजनानं फुटते. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, काढायच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाले दोन्हीकडून दगड. नट गाडी उचलायच्या आधी टॉमीनं अर्धा फेरा ढिले करायचे. हवेत चाक असताना ताकद लावली की गाडी जॅकवरून घसरते. चाक काढलं की ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी चाकावर बसन. नवीन चाकाचे नट समोरासमोर आवळायचे, ओळीनं नाई. थोडं चालवून पुन्हा एकदा आवळायचे.

अन् जॅकवर उभ्या गाडीखाली आंग घालायचं नाई. ऑईल बदलायचं म्हणून नाई, पाहायचं म्हणून नाई, पाना घरंगळत गेला म्हणूनही नाई. खाली जायचं असन तर लोखंडी स्टँड पाहिजे अन् खाली सिमेंट पाहिजे. तुमच्याकडं दोन्ही नसन तर ते काम गॅरेजचं.

विनिपेगकर

शब्दन्‌शब्द बरोबर. बर्फावरही हीच फळी लागते, फक्त तिच्याखाली वाळू टाकतो. जॅकखालचा बर्फ वजनानं दबून निसरडा होतो.

हवेबद्दल सांगायचं राहिलं. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की टायरमधली एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी होते. तुम्ही ऑक्टोबरच्या दुपारी ३२ भरली असेल तर जानेवारीच्या पहाटे तीच २८ च्या आसपास दिसेल. पंक्चर नसतं, थंडी असते. गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा. इथं टायरच वेगळे लागतात, कारण ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. तुम्हाला तो खर्च नाही, पण झिजलेले टायर धुक्यातल्या ओल्या रस्त्यावर दगा देतात, तेवढं पाहा.

अकोट_फाटा

धुकं म्हटलं की हेडलाईट आले. एच-४ बल्ब घरी बदलता येतो, पण काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदानं धरा. आणि ६०/५५ वॉटचाच घ्या. जास्त वॉटचा टाकला की होल्डर वितळतो, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

निवृत्त_फौजी

एक धोका अजून कोणी काढला नाही. थंडी आहे म्हणून गोठ्याचं किंवा शेडचं दार लावून आत गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते आणि तो उठत नाही. बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजलं तर हाच धूर गाडीच्या आत शिरतो. गाडी आधी उघड्यावर काढायची, मग बाकीचं.

तसंही सकाळी गाडी दहा मिनिटं नुसती घुर्र-घुर्र करत ठेवायची गरज नाही. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनाला अर्धा-एक मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. रेस देऊन गरम करायची सवय जुन्या चोकच्या गाड्यांची.

मेळघाटची_मास्तरीण

कूलंटचं कोणी बोललं नाही. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून नुसतं पाणी चालतं का?

वणीचा_मेकॅनिक

नाई चालत ताई. निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट उणे ३५ च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाई, तो फायदा विनिपेगकरांचा. आपला फायदा मे महिन्यात. कूलंटमुळं पाणी उशिरा उकळते अन् आतून गंज धरत नाई. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाई, वाफ तोंडावर येते. सांडलं तर लगेच धुवा. ते चवीले गोड अन् विषारी असते, लेकरं अन् कुत्रे चाटतात.

झाडीपट्टीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. टर्मिनल सोड्यानं साफ केलं, खालून स्वच्छ राखाडी शिसं निघालं. बॅटरीवाल्याकडून चार्जर आणून उघड्या सपरीत (पडवीत) हळू चार्ज केली. काढल्यावर तासाभरानं १२.६. रात्री निगेटिव्ह काढून ठेवलं. सकाळी १२.२, आणि सेल्फ मारताना पुन्हा नऊच्या खाली. म्हणजे अकोट फाटा म्हणतात तसं वायरिंग निर्दोष, बॅटरीच गेली.

एअर फिल्टर नवीन टाकला. चार क्लिपा उघडून काढायचा आणि बसवायचा, पाना लागला नाही. रात्री बोनेट उघडं असते.

आता नवी बॅटरी स्वतःच बसवणार. काय पाहून घ्यावी?

वणीचा_मेकॅनिक

अँपिअर-तास जुन्याइतकेच. पॉझिटिव्ह टर्मिनल डाव्या हाताले की उजव्या ते जुनीशी ताडून पाहा, उलटी आली तर केबल पुरत नाई. वर बनवल्याचा महिना असते, दुकानात वर्षभर पडून असलेली घेऊ नोका. बसवल्यावर खालची पट्टी आवळा, गावच्या रस्त्यावर हलली की आतून तुटते. घड्याळ पुन्हा लावावं लागन, काही गाड्यांत खिडकीची ऑटो सेटिंगही.

विनिपेगकर

आणि जंप द्यायच्या जाड केबलची जोडी डिक्कीत ठेवाच. क्रम लिहून झाकणाला चिकटवा: लाल आधी बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, मग चालू गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. काढताना उलटं. गावात दुसऱ्याची गाडी अडली तरी हीच केबल कामी येईल.

संत्राबाग_वरुड

मी आज सकाळी पहिल्यांदा मीटर लावून पाहिलं. १२.५ आला. केबल कोणत्या जाडीची घ्यावी तेही सांगा, आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर चालते का?

वणीचा_मेकॅनिक

केबल तांब्याची पाहा, दाबल्यावर वाकायले जड वाटली पाहिजे. स्वस्तातली वरून जाड अन् आतून नुसतं प्लास्टिक असते, सेल्फ मारताच तापते. जुनी बॅटरी भंगारवाल्याले नोका देऊ. तो अ‍ॅसिड नालीत ओतते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी परत घेऊन ठिकाणी लावायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. नवी घेता तिथंच जुनी द्या, किमतीतून पैसेही कमी होतात.

झाडीपट्टीकर

नवी बॅटरी बसवली, जुनी दुकानातच दिली. सेल्फ मारताना १०.८. केबलचा क्रम झाकणावर चिकटवला आहे आणि शेजारच्या पोरालाही शिकवला, म्हणजे मी घरी नसलो तरी गाडी निघेल.